डोळा मारणे आणि तिसरा माणूस

शिमगा संपला, पालख्या देवळात बसल्या, तरी आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप गटांवरचा एक वाद काही विझत नाही. नमन या आमच्या कोकणातल्या लोकनाट्याच्या एका प्रयोगातली चार-पाच सेकंदांची चित्रफीत कुणीतरी टाकली. गवळणीच्या वेशातला कलाकार कृष्णाचा सवंगडी असलेल्या पेंद्याकडे पाठ करतो, प्रेक्षकांकडे बघून एक डोळा मिटतो, हशा उसळतो, चित्रफीत संपते. मुंबईकर चाकरमान्यांतल्या ज्येष्ठांनी लगेच निकाल दिला: हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, सिनेमाची घाण आहे, पुढच्या वर्षी स्पर्धेच्या नियमांतच बंदी घाला. पोरांनी उलटा निकाल दिला: जगभर ही दोस्तीची खूण आहे, मागासलेले तुम्हीच. मग दोन्हीकडून तक्ते आले. अमक्या देशात असभ्य, तमक्या देशात थट्टा, तिसऱ्या देशात आमंत्रण. असे तक्ते विमानात पुढच्या सीटच्या खिशात ठेवलेल्या मासिकांत शोभतात. गावच्या मंडळाने काय करावं हे ठरवायला ते बिनकामाचे आहेत.

बिनकामाचे अशासाठी, की भांडणाऱ्या दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून बसल्या आहेत. डोळा मारण्याचा अर्थ त्या त्या देशात कायमचा ठरलेला असतो, आपण फक्त कुठल्या देशाचं ऐकायचं एवढाच प्रश्न, असं दोघांनाही वाटतं. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. डोळा मारण्याचा अर्थ देशावर ठरत नाही, तिथे हजर असलेल्या माणसांवर ठरतो. आणि ती माणसं दोन नसतात, तीन असतात. नमस्काराला दोघं पुरतात. हात हलवून निरोप द्यायला दोघं पुरतात. डोळा मारायला मात्र खूण करणारा लागतो, ज्याला केली तो लागतो आणि ज्याच्यापासून लपवली तोही लागतो. दोघंच खोलीत असली तरी बाहेरचं कुणीतरी मनात धरलेलं असतं, नाहीतर सरळ तोंडाने बोलता आलं असतं की. म्हणून ही खूण बरी की वाईट हे ठरवताना मी दोन प्रश्न विचारीन: बाहेर कोणाला ठेवलं? आणि ज्याला न विचारता आत घेतलं, त्याला नको म्हणायची सोय होती का? संस्कृती कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि बऱ्याचदा तो विचारायची वेळच येत नाही.

आधी त्या चित्रफितीचंच बघू. गिल्बर्ट राईल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये एक उदाहरण मांडलं आणि क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ते साऱ्या समाजशास्त्रात पोचवलं. दोन मुलं आहेत. एकाची पापणी स्नायू आखडून आपोआप मिटते, दुसरा मुद्दाम मित्राला डोळा मारतो. तिसरा त्या दुसऱ्याची नक्कल करून टवाळी करतो, आणि तोच तिसरा घरी आरशासमोर त्या नकलेची तालीमही करतो. कॅमेरा लावला तर चारही वेळा चित्र एकच: एक पापणी खाली आली, वर गेली. अर्थ पापणीत नाहीच. हे उदाहरण निव्वळ पुस्तकी नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला झटके येणारी माणसं असतात, लकवा मारून एकच डोळा मिटेनासा झालेली असतात. जबडा हलला की एक पापणी उडते असा जन्मजात दोषही असतो. त्याची नोंद १८८३ मध्ये मार्कस गन या डॉक्टरने केली. असा माणूस एसटीत समोरच्या बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात असेल तर? त्याची चार सेकंदांची चित्रफीत काढून आपण काय निकाल देणार आहोत?

आता ज्येष्ठांच्या दाव्याकडे. आपल्या संस्कृतीत हे नव्हतं म्हणे. कुठल्या संस्कृतीत? नाट्यशास्त्राचा आठवा अध्याय चेहऱ्याच्या अभिनयावर आहे. त्यात छत्तीस प्रकारच्या दृष्टी सांगितल्या आहेत, पापण्यांच्या नऊ हालचाली आणि भुवयांच्या सात. ज्या परंपरेने पापणीच्या नऊ हालचाली मोजून शिष्याला शिकवल्या, तिला डोळ्याने बोलणं हे परकं पाप वाटत असेल, हे पटत नाही. आणि नाट्यशास्त्र दूरचं वाटत असेल तर आपलीच गाथासप्तशती घ्या. आपल्या मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातली, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली. तिच्यातली एक गाथा पुढे आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावताना उदाहरण म्हणून घेतली. घरात वाटसरू मुक्कामाला आला आहे. सून त्याला सांगते: सासूबाई इथे झोपतात, मी इथे, रातांधळ्या वाटसरा, उजेडातच नीट बघून ठेव, नाहीतर रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. सासूच्या कानाला ही ताकीद आहे, वाटसरूच्या कानाला आमंत्रण. एकही पापणी न मिटता मारलेला हा डोळाच आहे. तिघंही हजर आहेत: बोलणारी, जिच्यापासून लपवायचं ती, आणि ज्याला कळायचं तो. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही चीज काव्यशास्त्राने मान खाली घालून लपवली नाही, उत्तम काव्य म्हणून मिरवली.

कीर्तनाला बसणाऱ्यांना तर दुसरं उदाहरण पाठ असतं. भीम आणि दुर्योधन यांचं गदायुद्ध चालू आहे, भीम थकत चालला आहे. कृष्ण अर्जुनाशी बोलतो, आणि भीम बघत असताना अर्जुन आपल्याच डाव्या मांडीवर थाप मारतो. भीमाला समजतं, दुर्योधनाला समजत नाही, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कमरेखाली वार झाला म्हणून बलराम नांगर उगारून धावला. सगळ्या महायुद्धाचा शेवट एका चोरट्या खुणेवर झाला. ते धर्म्य होतं का यावर रात्र रात्र निरूपण चालतं, चालावंच. पण खूण परदेशी होती असं कुठल्याही बुवांनी अजून म्हटलेलं नाही.

पोरांचा दावाही तितकाच पोकळ आहे. जगभर म्हणजे नेमकं कुठे दोस्तीची खूण? १ जुलै २००६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडच्या वेन रूनीला लाल कार्ड मिळालं आणि पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने आपल्या बाकाकडे बघून डोळा मारला. दोघं एरवी एकाच क्लबातून खेळणारे. इंग्लंडमध्ये त्या एका पापणीवरून महिनाभर रान उठलं होतं. पुढच्याच वर्षी, मे २००७ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एलिझाबेथ राणीच्या स्वागताच्या भाषणात १९७६ ऐवजी १७७६ म्हणायला सुरुवात केली, जीभ सावरली आणि राणीकडे बघून डोळा मारला. एका भाषेची, नातेवाईक म्हणावीत अशी दोन राष्ट्रं, पण राणीला डोळा मारतात का, यावर दोन्हीकडे चर्चा झडली. तेव्हा पश्चिमेचा म्हणून एक अर्थ काढायचा तर काढणार कुठून? आणि जुन्या धर्मग्रंथांत बघायचं तर बायबलमधल्या नीतिसूत्रांत डोळे मिचकावणारा हा दुःख देणारा, कपट योजणारा माणूस आहे. कुराणाच्या त्र्याऐंशीव्या सूरेत अपराधी लोक श्रद्धावंतांना हसतात आणि ते जवळून गेले की आपसांत डोळ्यांनी खुणा करतात, असं वर्णन आहे. दोन्ही ठिकाणी तक्रार चावटपणाची नाही, हे लक्षात घ्या. तक्रार त्या तिसऱ्या माणसाच्या बाजूने आहे: ज्याच्या देखत, ज्याच्याबद्दल, ज्याला वगळून खूण झाली त्याच्या. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत या किनाऱ्यावर चर्च आणि मशिदी शेजारी शेजारी उभ्या आहेत. आपल्या वादात या मंडळींपैकी कुणाला विचारलं असतं तर एवढं सहज कळलं असतं.

देशोदेशी फरक असतो हे मला मान्य आहे. नाकारायचं कारणच नाही. डेस्मंड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात युरोपभर चाळीस ठिकाणी हिंडून वीस खुणांचे अर्थ लोकांना विचारले, १९७९ मध्ये ते प्रसिद्ध केले. बोटाने खालची पापणी ओढण्याची खूण त्यात आहे. फ्रान्स आणि ग्रीसमध्ये तिचा कल ‘मी फसणारा नाही’ असा, इटली आणि स्पेनमध्ये ‘तू सावध राहा’ असा. नकाशावर रेघ मारता यावी इतका तो फरक स्पष्ट आहे. परक्या मुलखात जाणाऱ्याने अशी माहिती जरूर घ्यावी. पण ही माहिती अनोळखी माणसाशी पहिली गाठ पडेपर्यंतच उपयोगाची. पुढे काय?

पुढे काय ते पत्त्यांच्या डावात कळतं. स्पेनमध्ये आणि बास्क मुलखात मुस नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. त्यात भिडूला खुणा करायला नियमानेच परवानगी असते. हातातल्या पत्त्यांचे एकतीस गुण जमले की डोळा मारायचा. खोटी खूण करायची नाही, आणि समोरच्यांनी आपली खूण पकडली तर तक्रार करायची नाही. आपल्याकडे गणपतीत जागरणाच्या रात्री पडवीत मेंढीकोट बसतो. तिथे भिडूला डोळा मारलात तर पत्ते तोंडावर फेकले जातील आणि सकाळच्या आरतीपर्यंत अबोला. डोळा तोच, भिडूही तसाच, हेतूसुद्धा तोच. तिथे बसलेल्या चौघांनी आधी काय कबूल केलं होतं, एवढाच फरक. यात संस्कृती शोधायची तर शोधा, पण मेंढीकोट खेळणाऱ्या चौघांनी आजपासून खुणा चालतील असं ठरवलं तर पुढच्या डावाला ती लबाडी राहत नाही. संस्कृतीला बदलायला शतकं लागतात म्हणे. पडवीत ती एका चहात बदलते.

खुणेने तिसऱ्याला बाहेर ठेवण्याचा खरा प्रश्न कोकणाला कुठे भिडतो हे बघायचं असेल तर नमन सोडा, हापूसकडे या. हर्णै बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच मासळीचा लिलाव होतो. ओरडून होतो, भाव सगळ्यांच्या कानावर पडतो. आंबा मात्र वाशीच्या बाजारात गेला की कित्येक वर्षं रुमालाखाली विकला जातो. दलाल आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरतो. या हत्ता पद्धतीत दोघांना सगळं समजतं; ज्याने बाग राखली, फवारण्या केल्या, पेट्या भरल्या त्याला दलालाच्या हिशेबाची पट्टी हातात पडेपर्यंत काही समजत नाही. कायद्याला उघड लिलाव हवा आहे, बागायतदार वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत. खुणेचा अर्थ, खुणेतलं कपट, वगळलेला माणूस, सगळं इथे आहे, आणि या माणसाचं नुकसान रुपयांत मोजता येतं. संस्कृतिरक्षणाचा संदेश पुढे ढकलणाऱ्यांतले किती जण या रुमालाबद्दल कधी दोन ओळी लिहितात? बोटं दाबण्यात मादकता नसते, म्हणून ते संस्कृतीत बसतं की काय कोण जाणे.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप या दोन्ही गटांकडून आलाच नाही. तो एका शिक्षिकेने खाजगीत घेतला, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही संदर्भ, संदर्भ करता. पण स्टँडवर मुलीला डोळा मारणाऱ्याला नेमका तोच आडोसा हवा असतो. पकडला की म्हणतो, माझ्या डोळ्यात कचरा गेला होता. किंवा, मी माझ्या मित्राला मारला, ही कशाला अंगावर घेते? एक ठाम नियम असलेला बरा.

त्यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. नाकारता येणं हाच या खुणेचा मोठा गुण आहे, म्हणून तर ती वापरतात. शब्दाला साक्षीदार असतो, पापणीला नसतो. पण त्यावरचा उपाय म्हणून खुणेवर सरसकट बंदी आली की ती पहिल्यांदा कोणावर पडते? फेब्रुवारी २०१८ मध्ये एका मल्याळम चित्रपटातल्या गाण्यात शाळकरी मुलीच्या भूमिकेतल्या अठरा वर्षांच्या नटीने डोळा मारला. पैगंबरांच्या पत्नी खदीजा यांचं कौतुक करणारं ते मलबारातलं मापिला गीत. आमच्याच किनाऱ्याने खाली उतरत गेलं की लागतं ते मलबार. धार्मिक भावना दुखावल्या म्हणून हैदराबादेत गुन्हा दाखल झाला. पडद्यावर नायकांनी आजवर किती डोळे मारले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाल्याचं ऐकिवात नाही. मुलीने मारला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. त्या कलमाला जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो, तो इथे नाही, असं सांगून. मान खाली घालून चाल, वर बघू नकोस, हसू नकोस, हा ठाम नियम आपल्या घरांत होताच की. तो पाळला कोणी?

आणि कायदा पाहिला तर तो शिक्षिकाबाईंना वाटतो तितका आंधळाही नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुंबईतल्या पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या, न्यायालयाने वीस वर्षांच्या तरुणाला एक वर्षाची शिक्षा दिली. चौदा वर्षांच्या मुलीकडे बघून त्याने डोळा मारला होता आणि फ्लाइंग किस दिला होता. पापणीची हालचाल २०१८ मधलीच. एका ठिकाणी गुन्हा नाही, दुसऱ्या ठिकाणी तुरुंग, आणि मला या दोन निकालांत कसलाही विरोध दिसत नाही. पॉक्सोच्या अकराव्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलं आहे की लैंगिक हेतू होता की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न समजावा. म्हणजे प्रत्येक वेळी बघायचं: वय काय, जागा कुठली, आधी काय झालं होतं, कितीदा झालं, मुलीला तिथून निघून जाता येत होतं का. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तर आणखी पुढे जातो. शब्दाने किंवा शब्दाविना केलेलं लैंगिक स्वरूपाचं वर्तन समोरच्या स्त्रीला नकोसं होतं का, हे तो विचारतो. ज्याला न विचारता आत ओढलं त्याची बाजू तिथे प्रश्नाच्या मध्यभागी आली. डोळ्यात कचरा गेला होता म्हणणाऱ्याला पकडायचं ते असं: सोमवारी कचरा गेला, मंगळवारी गेला, त्याच मुलीच्या समोर, त्याच गाडीच्या वेळेला? ठाम नियमापेक्षा हे प्रश्न त्याला जास्त जड जातात.

कॅनडातही २०२३ मध्ये असाच एक मामला झाला. जवस विकण्याच्या कराराचं छायाचित्र धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने शेतकऱ्याला मोबाईलवर पाठवलं, त्याने उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चित्र धाडलं. माल दिला नाही. करार मान्य असा अर्थ नव्हताच, फक्त मजकूर मिळाला असं सांगायचं होतं, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी त्या दोघांचेच जुने व्यवहार काढले. पूर्वीही तो ‘ठीक’, ‘हो’ अशा एका शब्दात करार पक्के करत आलेला होता. म्हणून अंगठा ही सही ठरली आणि ब्याऐंशी हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. अंगठ्याचा जागतिक अर्थ काय याच्या तक्त्यावर निकाल लागला नाही.

तिसऱ्या माणसाने, ज्याला उद्देशून काही नव्हतंच त्याने, मध्येच उचलून अर्थ लावायचा आणि त्यावर शिक्षा द्यायची, याचा अनुभव आपल्या या जिल्ह्यांतल्या माणसांनी पुरेपूर घेतला आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठी, वाचक मराठी; ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळक दिवसचे दिवस उभे राहून सांगत होते की भाषांतराने माझ्या लेखांचा सूर बदलला आहे, हे लेख ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना त्यातून काय कळलं ते पाहा. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि मंडालेला गेले. मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांना उत्तरं देत. ज्याने विचारलं त्याला उत्तर मिळालं, त्याची तक्रार नव्हती. तक्रार भलत्यांची. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. एका नमनाच्या चित्रफितीला या थोरांच्या पंक्तीला बसवतो आहे असं कुणी म्हणेल. नाही बसवत. पण ज्याच्यासाठी गोष्ट केली त्याला न विचारता, बाहेरच्याने लावलेला अर्थ हाच खरा अर्थ, ही खोड तीच आहे.

याचा अर्थ बाहेरच्याला बोलायचा हक्कच नाही असा नव्हे. कधी कधी बाहेर राहिलेला माणूसच खरा धनी असतो. २० जुलै २०१८ रोजी लोकसभेत अविश्वास ठरावावर बोलताना राहुल गांधी पंतप्रधानांच्या जागेपाशी गेले, त्यांना मिठी मारली, परत येऊन बसले आणि सहकाऱ्याकडे बघून डोळा मारला. अध्यक्षस्थानी होत्या सुमित्रा महाजन, माहेर चिपळूणचं. त्यांनी सभागृहाच्या प्रतिष्ठेची आठवण करून दिली. त्या दिवशी अर्ध्या देशाला मिठी खटकली आणि अर्ध्याला मिठी आवडली. माझ्या मते प्रश्न मिठीचा नव्हताच. मिठी सगळ्यांसमोर, सगळ्यांसाठी होती. डोळा दोघांतला होता, आणि बाहेर राहिला तो दूरदर्शनवर बघणारा मतदार. मघाचं खरं की आत्ताचं, असा प्रश्न त्याच्या मनात त्या पापणीने उभा केला. पक्ष कुठलाही असो, सभागृहात मतदाराला बाहेर ठेवणारी खूण वाईटच. इथे मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे, कारणं मात्र माझी.

आता हीच फूटपट्टी नमनाला लावू. रंगणात गवळण प्रेक्षकांना डोळा मारते तेव्हा बाहेर कोण राहतो? पेंद्या. आणि पेंद्या हे सोंग आहे; त्याचं काम करणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक असतं, त्यानेच तालमीत पाठ फिरवायची जागा सुचवलेली असते. समोर बसलेल्या म्हाताऱ्या, पोरंबाळं, गावकर, पोलीस पाटील, सगळे आत. कुणालाही वगळलेलं नाही, कुणाचीही फसवणूक नाही. मग लोक दुखावले कसे? कारण मोबाईलने ती चार सेकंदं कापून डोंबिवलीत आणि नालासोपाऱ्यात नेली. तिथे बघणाऱ्याला ना आधीची गण-गवळण, ना मावशीचा फार्स, ना गर्दीतला हशा. जो रंगणात आत असता तो पडद्यासमोर बाहेरचा झाला, आणि बाहेर ठेवलेल्या माणसाला खूण नेहमीच आपल्यावर केल्यासारखी वाटते. चाकरमान्यांचा राग मला खोटा वाटत नाही. पण तो कलाकारावर काढून उपयोग काय? स्पर्धेच्या नियमांत ‘डोळा मारू नये’ असं कलम घातलं तर परीक्षक पापण्या मोजत बसतील आणि उद्या मावशीच्या भुवया उडतील. मग भुवयांचं कलम. त्यापेक्षा परीक्षकांनी अख्खा प्रयोग बघून ठरवावं की गंमत कुणाच्या जिवावर केली. प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या मुलीला नेम धरून, ती अवघडल्याचं दिसत असताना कलाकार तेच तेच करत राहिला, तर त्याचे गुण कापा, मंडळालाही बोला. माझी काही हरकत नाही. तिथे मुलगी आत ओढली गेली आणि बाहेर पडायला तिला दोन-तीनशे माणसांतून उठून जावं लागणार.

हा प्रश्न शिमग्यापुरता राहिलेला नाही. न्याहरी-निवासाची घरं आता गावोगाव झाली आहेत, आणि तक्त्यांची हौस असलेली पोरं तेही कारण पुढे करतात: बाहेरून पाहुणे येतात, त्यांच्या खुणा आपण शिकून घ्यायला नकोत का? समजा, शिकून घेतल्या. सकाळी पडवीत घावणे आणि चहा घेऊन घरची मुलगी जाते. पाहुणा कप घेताना तिला डोळा मारतो. तो म्हणतो, आमच्याकडे आभार असेच मानतात. खरंच मानत असतील. तरी ती मुलगी कोणत्या जागी उभी आहे ते बघा. तिच्या हातात ट्रे आहे. पाहुणा पैसे भरून आला आहे, परत गेल्यावर तो घराबद्दल चार ओळी लिहिणार आहे. तिची आई चुलीपाशी आहे आणि तिला यातलं काही दिसलेलं नाही. मुलीला न विचारता गुपितात घेतलं गेलं, आणि नको म्हणायचं तर धंदा मोडायची भीती. पाहुण्याचा मुलूख कुठला, याने यातल्या कशातही फरक पडत नाही.

घरात यावर तोडगा निघतो तो ठरलेला: उद्यापासून पडवीत चहा घेऊन भाऊ जाईल, तू आत राहा. घर मुलीचं, पैसे मिळवणारा हातही तिचा, आणि आत जायचं तिनेच. त्याऐवजी बापाने किंवा आईने पाहुण्याजवळ जावं आणि शांतपणे सांगावं, साहेब, आभार तोंडाने माना, तिला ऐकू येतं. पुन्हा झालं तर खोली रिकामी करायला सांगावी, उरलेल्या दिवसांचे पैसे परत देऊन.